दुखणं गिअरचं, डाग इंजिनाला

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या एका जवळच्या मित्राने ट्राइकवर चार पानं लिहिली आहेत. लेख वाचनीय आहे, फोटो तर फारच देखणे, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तीन चाकांची टूरिंग मोटारसायकल ही मुळात उपाशी ठेवलेली गाडी. दुचाकीचंच इंजिन घेऊन कंपनीने त्याच्या मागे मोटारीसारखा धुरा, दोन रुंद टायर आणि एक भलीमोठी ट्रंक बांधली, पण इंजिनाचा खुराक काही वाढवला नाही. तेव्हा गाडी घरी आली की आधी मोकळा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर आणि इंधनाची मात्रा बदलणारा ट्यूनर बसवा, मग कॅम बदला, आणि खिशाला झेपत असेल तर सिलिंडरही मोठे करून घ्या. त्याने स्वतः तीन हजार डॉलरच्या वर खर्च केला आहे आणि तो सुखात आहे. त्याच्या सुखाबद्दल माझी तक्रार नाही. पण अंक वाचून मंडळातल्या आणखी दोघांनी गॅरेजला फोन लावले, म्हणून हे लिहायला बसलो.

माझी लायकी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ती कोणाला काढावी लागणार नाही. बारा वर्षं पुण्यात इंजिनांच्या टेस्ट बेडवर काढली, त्यानंतरची सगळी डेन्व्हरमध्ये. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुचाकी सोडली आणि २०११ चं हार्ले-डेव्हिडसन ट्राय ग्लाइड जुनं घेतलं. मित्राकडे तीच गाडी आहे, एक वर्षाने नवी. इंजिनही तेच, १६९० सीसीचं. त्यामुळे तुझी गाडी वेगळी, माझी वेगळी असं म्हणायची सोय दोघांनाही नाही.

ज्या चढावर त्याला गाडी उपाशी वाटली, तो चढ मी ओळखतो. डेन्व्हरहून इंटरस्टेट ७० धरून पश्चिमेला निघालं की जॉर्जटाउन मागे पडल्यावर रस्ता आयझेनहॉवर बोगद्याकडे चढायला लागतो. बोगदा ३४०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पहिल्या उन्हाळ्यात मी तिथून निघालो तेव्हा मागे बायको, ट्रंकमध्ये तीन दिवसांचं सामान, गाडी सहाव्या गिअरात आणि मूठ शेवटपर्यंत पिळलेली. तरी काटा शंभरवरून नव्वद, नव्वदवरून ऐंशी असा घसरत चालला होता. हँडल थरथरत होतं, आणि इंजिनातून असा आवाज येत होता की जणू कोणी पिंप ढकलत जिना चढतंय. बायकोने खांद्यावर थाप मारून विचारलं, "अहो, बंद पडतेय का?" त्या क्षणी मीही मनातल्या मनात कॅमची ऑर्डर देऊन मोकळा झालो होतो. मग काय सुचलं कोण जाणे, दोन गिअर उतरवले. चौथा पडला तसा काटा हळूहळू परत वर सरकला आणि पार्किंगचे दिवे लुकलुकवत रांगणारे ट्रक एकेक करून मागे पडले. त्या रात्री हॉटेलात मिळालेल्या कागदावर मी जो हिशोब मांडला, तोच खाली देतो. मित्राच्या चार पानांत सगळं आहे, फक्त हा हिशोब नाही.

गाडी साडेपाचशे किलोच्या आसपास. आम्ही दोघं आणि सामान धरून एकूण साडेसातशे. सपाटीवर, समुद्रसपाटीच्या हवेत ताशी १०० किलोमीटरने जायला या धुडाला चाकापाशी लागते सुमारे २२ अश्वशक्ती. तिचा मोठा हिस्सा हवा कापण्यात जातो, थोडासा टायरांच्या घर्षणात. बस्स, एवढंच. या वेगाला सहाव्या गिअरात इंजिन साधारण २४०० फेऱ्यांवर असतं. त्या फेऱ्यांना ते १४० न्यूटन-मीटर टॉर्क देतं असं मी उदार मनाने धरतो, प्रत्यक्षात ते त्याहून कमीच देतं. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून हिशोब केला की येते ४७ अश्वशक्ती. म्हणजे सपाटीवर जवळजवळ दुप्पट ताकद हाताशी आहे.

आता बोगद्याजवळ या. सहा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर उंची. ३४०० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सत्तर टक्केच दाट. पातळ हवेमुळे वाऱ्याचा अडथळा कमी होतो, पण चढाचं ओझं त्यापेक्षा कितीतरी भारी. चाकापाशी लागतात साडेबत्तीस, आणि गिअरबॉक्स, बेल्ट, डिफरन्शियल यांत जाणारी गळती धरली तर इंजिनाकडून छत्तीस. तीच पातळ हवा इंजिनाच्याही नाकात जाते, म्हणून ४७ चे राहतात ३३. छत्तीस हवेत, तेहतीस आहेत. गाडी दम टाकते ती या तीन अश्वशक्तींसाठी.

मित्र म्हणतो फिल्टर, सायलेन्सर, ट्यूनर लावा. नीट केलेल्या कामाने पाच ते दहा टक्के मिळतात, हे मला मान्य. आठ धरू. तेहतिसावर आठ टक्के म्हणजे साडेपस्तीस. अजूनही कमी! शेकडो डॉलर मोजून काटा घसरायचा तो घसरणारच, थोडा सावकाश एवढंच. आणि आता पाचवा गिअर टाका. पाचवा सहाव्यापेक्षा साधारण १८ टक्क्यांनी आखूड आहे. इंजिन २८०० च्या वर जातं, अश्वशक्ती होते ३९. चढ संपला. चौथ्यात ३४०० च्या आसपास, ४६ अश्वशक्ती, आणि ट्रकला ओलांडायला दहा शिल्लक. इंजिनाची मर्यादा ५५०० आहे. ३४०० म्हणजे त्याच्यासाठी संध्याकाळची शतपावली.

हे गणित मी शोधून काढलेलं नाही. खंबाटकीत किंवा कसाऱ्याला एसटीच्या पुढच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं आहे. चढ सुरू व्हायच्या आधीच चालक क्लच दाबून खालचा गिअर घालतो. गाडी रडायला लागेपर्यंत थांबत नाही. पन्नास माणसं भरलेल्या त्या गाडीच्या चालकाने आगारप्रमुखाकडे जाऊन घाटासाठी मोठं इंजिन मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग ट्राइकवालेच का गिअर उतरवत नाहीत? याचं उत्तर इंजिनात नाही, कानात आहे. हार्लेच्या लांब स्ट्रोकच्या दोन सिलिंडरांची ख्याती संथ ठोक्यावर उभी आहे. दोन हजार फेऱ्यांवर ते जे ढगढगतं, त्यासाठीच तर लोक पैसे मोजतात. साडेतीन हजारांवर तेच इंजिन घाई झाल्यासारखं वाटतं आणि स्वार बिचकतो: आपण याला मारतोय की काय? खरं उलट आहे. चढावर कमी फेऱ्यांत मूठ पूर्ण पिळून रेटलं की बेअरिंगांवर, साखळीवर, पिस्टनवर जे धक्के बसतात ते फार वाईट. नॉकिंग सुरू होतं ते तिथेच. मोकळ्या सायलेन्सरने ताकद वाढल्याचा भास होतो त्यातही कानाचा वाटा मोठा. शिवाय फारच मोकळा पाइप खालच्या फेऱ्यांतला टॉर्क खातो, म्हणजे ज्या ठिकाणी ट्राइकला ओढ हवी नेमकी तिथलीच.

मित्राने आपल्या लेखात ताकद मोजणाऱ्या डायनोचा आलेखही छापला आहे. आलेख सुंदर आहे, पण दुचाकीचा आहे. मोटारसायकलच्या नेहमीच्या डायनोवर एक अरुंद ड्रम असतो. दोन चाकांमध्ये चार फुटांचं अंतर असलेली ट्राइक त्यावर चढतच नाही, तिला मोटारींचा डायनो लागतो. दुचाकीवर काढलेला आकडा ट्राइकला लावणं म्हणजे धाकट्या भावाची पत्रिका बघून थोरल्याचं लग्न ठरवणं.

दुसरा मुद्दा त्याने जोरात मांडला आहे: कंपनीनेच इंजिन मोठं करत नेलं, याचा अर्थ पहिलं अपुरं होतं. २००९ साली ट्राय ग्लाइड आलं तेव्हा १६९० सीसी, २०१९ मध्ये १८६८. बरोबर आहे. दहा वर्षं, कारखान्याची सगळी अक्कल, मध्ये इंजिनाची एक अख्खी नवी पिढी, आणि आकारात वाढ साडेदहा टक्के. डाव्या पायाच्या एका हालचालीने अठरा मिळतात.

मागे वळून पाहिलं तर आणखी गंमत आहे. याच कंपनीची सर्व्ही-कार १९३२ पासून १९७३ पर्यंत बनत होती: ७३७ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन, मागे दोन चाकं आणि डबा. गॅरेजवाले आणि पोलिस ती वापरत. आणि आपल्याकडे दिल्लीत? महायुद्धानंतर लष्कराने टाकलेल्या हार्ले मोटारसायकलींच्या मागे बाकडी जोडून सरदारजींनी ज्या फटफटी केल्या, त्या नव्वदच्या दशकापर्यंत लाल किल्ला ते कॅनॉट प्लेस सवाऱ्या वाहत होत्या. पंचवीस अश्वशक्तीही धड नसलेलं इंजिन, वर सहा-आठ माणसं, शिवाय त्यांची गाठोडी. वेग बेताचा असे हे खरं, पण ओढ कमी पडते म्हणून कोणी उतरून चाललं नाही, कारण गाडी आखूड गिअरात हाकली जात होती.

किट लावून दुचाकीची ट्राइक करणाऱ्यांना मी वेगळं सांगेन, कारण तिथे दुखणं खरोखर गाडीत असू शकतं. २०१७ पर्यंतच्या होंडा गोल्ड विंगचं उदाहरण घ्या. १८३२ सीसीचं सहा सिलिंडरांचं आडवं इंजिन, ११८ अश्वशक्ती, लोण्यासारखं. तिच्या मागच्या टायरचं माप १८०/६० आर १६, म्हणजे उंची ६२२ मिलिमीटर. किटमध्ये त्याजागी २०५/६५ आर १५ चा मोटारीचा टायर आला की उंची होते ६४८. डिफरन्शियलचं गुणोत्तर त्या हिशोबाने बदललेलं नसेल, तर प्रत्येक गिअर चार टक्के लांब झाला. वर शंभर किलोहून जास्त लोखंड चढलं ते वेगळंच. मालक म्हणतो, होंडाची ओढ गेली. होंडाची ओढ जिथल्या तिथे आहे. तुम्ही तिला चार टक्के मोठ्या पायऱ्या चढायला लावता आहात. यावरचा इलाज डिफरन्शियलचं योग्य गुणोत्तर, हार्लेसारख्या बेल्टच्या गाडीत पुढची पुली. बत्तीस दातांच्या जागी तीस दातांची पुली आली की प्रत्येक गिअरात ओढ साडेसहा टक्क्यांनी वाढते. इंजिन उघडायला लागत नाही. स्पीडोमीटर तेवढा जुळवून घ्यावा लागतो. वाढीव ताकदीच्या नावाने मी पैसे खर्च करायला सांगेन तो इथे.

आता जिथे मित्र बरोबर आहे तिथे मान्य करायला हवं. साउथ डकोटात ऑगस्टमध्ये मोटारसायकलवाल्यांच्या स्टर्जिसच्या मेळ्याला जाताना इंटरस्टेट ९० वर ताशी ८० मैलांची मुभा आहे, म्हणजे जवळपास १३०. समोरून ताशी चाळीसचा वारा असेल तर गाडीला सत्तरच्या घरात अश्वशक्ती लागते, आणि तिथे आमची दोघांचीही गाडी खरोखर संपते. कितीही गिअर उतरवा, पिशवी रिकामी. पण वाढवूनही काय मिळतं ते बघा. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. इंजिन दहा टक्क्यांनी वाढवलंत तर वरचा वेग वाढतो तीन-सव्वातीन टक्के. १३० च्या जागी १३४. त्या चार किलोमीटरांसाठी तीन हजार डॉलर! मागची ट्रेलर घरी ठेवलीत तर याहून जास्त मिळेल. (मित्राच्या ट्रेलरमध्ये सहा घडीच्या खुर्च्या असतात. प्रवासाला ते दोघंच जातात.)

डोंगरातल्या पातळ हवेपुरतंच बोलायचं तर सुपरचार्जर किंवा टर्बो हा एकच उपाय प्रामाणिक आहे, कारण गेलेली हवा तो परत आणतो. कॅम आणि सायलेन्सर सत्तर टक्के हवेचे सत्तर टक्केच वाटून देतात. पण वाढीव ताकदीबरोबर उष्णता येते. या जुन्या इंजिनाला हवेनेच थंड व्हायचं असतं आणि मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो. कंपनीने २०१४ पासून ट्राय ग्लाइडच्या सिलिंडर हेडमध्ये पाणी फिरवायला सुरुवात केली ती हौस म्हणून नव्हे. शिवाय दुचाकीवर जास्तीची ताकद मागच्या टायरच्या घसरण्यातून थोडी तरी निसटते. ट्राइकचे दोन रुंद टायर घसरत नाहीत, मग तो धक्का क्लच आणि प्रायमरी साखळी सोसतात.

ट्यूनरबद्दल तीनच वाक्यं. इथल्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, उत्सर्जन वाढवणाऱ्या ट्यूनरांवरून २०१६ मध्ये खुद्द हार्ले-डेव्हिडसनशी १ कोटी २० लाख डॉलरच्या दंडाची तडजोड केली. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण ती उपकरणं विकणं थांबवलं. तेव्हा गॅरेजवाला "सगळेच लावतात हो" म्हणाला, तर ते कायद्याचं मत समजू नका.

पण माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. चार पानांच्या लेखात वळण हा शब्द एकदाही आलेला नाही. दुचाकी वळणात कलते. ट्राइक कलत नाही. पुढे एक चाक, मागे दोन, म्हणजे ती आपल्या रिक्षाची सख्खी बहीण. रिक्षा जोरात वळली की आतलं मागचं चाक हलकं होतं आणि मागे बसलेला माणूस आपोआप आतल्या बाजूला सरकून बसतो. हे ज्ञान आपल्याला शाळेत जायच्या वयात मिळालेलं असतं. ट्राइकवर ते साडेसातशे किलोंनिशी मिळतं. गाडीचं वजन मागच्या दोन चाकांकडे असेल तोवर ती स्थिर; वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबलात की वजन पुढच्या एकुलत्या एका चाकाकडे धावतं आणि उलटायला कमी निमित्त पुरतं. म्हणजे वळणाचा वेग वळणाच्या आधी ठरवायचा. त्याला ताकद लागत नाही, ब्रेक लागतात. आणि हात.

हात अशासाठी की दुचाकीचा पुढचा फोर्क ट्राइकला तसाच ठेवला तर हँडल जड होतं. दुचाकीला सरळ धरून ठेवणारी जी ओढ ट्रेल नावाच्या मापातून येते, ती ट्राइकला नको तेवढी पडते. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये आयर्न माउंटन रोडवर पिगटेल पुलांची ती गोल गोल वळणं आहेत. किटवाली ट्राइक घेऊन तिथून बाहेर पडलेल्या एका सत्तरीतल्या गृहस्थांना मी पार्किंगमध्ये पाहिलं. हेल्मेट काढायला दोन्ही हात वर जाईनात, बायकोने पट्टा सोडवला. गाडीचं इंजिन मात्र वाढवलेलं. आवाजावरूनच कळत होतं. फोर्कचा कोन बदलणाऱ्या क्लॅम्पचा संच त्यांनी घेतला असता तर ट्रेल कमी झाली असती आणि हँडल हलकं. ते म्हणाले, त्याला पैसे उरले नाहीत. ट्राय ग्लाइडला पुढचा भाग कारखान्यातूनच ट्राइकसाठी बेतलेला असतो म्हणून माझ्या मित्राला ही गोष्ट सुचली नसेल. पण त्याचा लेख किटवाल्यांनीही वाचला आहे.

कॅन-अ‍ॅम स्पायडरवाल्यांनी तर ११५ अश्वशक्ती दिली, पुढे दोन चाकं देऊन गाडी जास्त स्थिर केली, आणि तरीही सोबत संगणक बसवला. वळणात आतलं चाक उचलायला लागलं की तो इंजिनाची ताकद स्वतःच काढून घेतो. ट्राय ग्लाइडलाही २०२० पासून तसली व्यवस्था आली. ताकद देणारेच ती परत घेण्याची सोय करून देतात, आणि आमचा लेखक ती आणखी कुठून मिळेल याचे पत्ते छापतो.

एक गोष्ट त्याने लिहिलेली नाही, मी लिहितो, कारण ती माझीही आहे. आम्ही दोघंही ट्राइकवर हौसेने आलेलो नाही. त्याची पाठ, माझा गुडघा. पहिल्यांदा ट्राइक सिग्नलला उभी केली तेव्हा सवयीने पाय खाली टाकला आणि शेजारच्या कारमधल्या पोरीला हसू आलं. दुचाकी सुटल्याची ती रुखरुख कुठेतरी राहते, आणि मोठा आवाज केला की ती काही वेळ ऐकू येत नाही. हे मला कळतं. पण मग लेखाचं शीर्षक "ट्राइकची ताकद कशी वाढवाल" असं नको होतं.

अंक निघाल्यानंतरच्या रविवारी तो नवा कॅम ऐकवायला माझ्या दारात आला. ऐकला. छान आहे. तो चहा प्यायला आत गेला तेव्हा मी सवयीने त्याच्या मागच्या टायरांना हवेचा गेज लावला. डावीकडे हवी त्यापेक्षा सात पौंड कमी, उजवीकडे नऊ.